चार्जरला नेलपॉलिशचा ठिपका

पोरी, पुण्याच्या होस्टेलवर रेक्टर म्हणून रुजू होते आहेस, हे दादाने फोनवर सांगितलं. तुझ्या आईला काळजी मुलींच्या आजारपणाची. आजारपणाला डॉक्टर असतो गं. पण पहिल्या पंधरा दिवसांत रात्री साडेदहाला दारावर थाप पडेल आणि दारात उभी असलेली मुलगी रडवेल्या आवाजात म्हणेल, "मॅडम, माझा फोन नाहीये." तेव्हा काय करायचं हे मला कोल्हापुरात एकवीस वर्षं होस्टेल सांभाळून उमगलं, तेही चुका करूनच.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. २०११ साल असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचा नवाकोरा फोन गेला. मुलींनी एका सुरात साफसफाईच्या मावशींचं नाव घेतलं. का, तर त्या सकाळी खोली झाडायला आल्या होत्या. मी पोर्चमध्ये सगळ्यांसमोर मावशींची पिशवी उलटी करायला लावली. जेवणाचा डबा, नारळाची अर्धी वाटी, नातवाच्या खोकल्याच्या औषधाची बाटली, एसटीचा पास. फोन नव्हता. चौथ्या दिवशी तो त्याच मुलीच्या गादी आणि भिंतीच्या फटीत सापडला, बॅटरी उतरलेला. मावशी तोवर काम सोडून गेल्या होत्या. मी घरी गेले, हात जोडले. त्यांनी चहा केला, विचारपूस केली, पण कामावर आल्या नाहीत. संशय आधी कुणावर जातो ते बघत जा. जी सगळ्यात कमी पगाराची असते, जी गावाकडून स्कॉलरशिपवर आलेली असते, तिच्यावर. चोराचा माग त्यातून कधीच लागत नाही.

म्हणून पहिला तास वस्तू शोधण्याचा, माणूस शोधण्याचा नव्हे. दुसऱ्या फोनवरून रिंग दे, गादी उचलायला लाव, धुवायला टाकलेल्या जीन्सचे खिसे बघ, मेस, लायब्ररी, ज्या रिक्षाने आली ती रिक्षा. गूगलवर किंवा आयफोनवर 'फाइंड' लावून बघ, पण नकाशावरच्या गोल ठिपक्याला पुरावा समजू नकोस. तो ठिपका शेजारच्या इमारतीवरही पडतो. आणि तो बाहेर कुठे दाखवत असला, तर चार मुली मिळून स्कूटीवर तिकडे जायला निघतील. त्यांना फाटकातच अडव. तसं जायचंच असेल तर पोलिसांबरोबर.

त्याच तासात दुसरं काम. फोन लॉक करायचा, मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करायचं, बँकेला सांगून यूपीआय थांबवायचं. फोनची किंमत पंधरा हजार असते, खात्यात बापाने फीसाठी टाकलेले साठ हजार असतात. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ फोन. तिथे सकाळची वाट बघायची नाही.

चोरी होण्याआधीचं काम आता ऐक, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकतेस. प्रवेशाच्या दिवशी फॉर्मवर रक्तगट लिहून घेतात ना, तसा फोनचा आयएमईआय नंबर लिहून घे. *#०६# दाबलं की पंधरा आकडे दिसतात. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. लॅपटॉपचा सीरियल नंबर त्याच्या पोटावर असतो. खोका आणि पावती घरी ठेवली असेल तर आई-वडिलांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला सांग, आणि तो फोटो त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, हेही सांग. हसू नकोस, दर वर्षी तिघी-चौघी तसंच करतात.

आणि चार्जर. चार्जर ही होस्टेलची सगळ्यात मोठी भानगड आहे. सगळे पांढरे, सगळे सारखे. 'माझाच समजून नेला' हे दहांतल्या आठ वेळा खरं असतं. माझ्याकडे लाल नेलपॉलिशची बाटली टेबलावरच असायची. जूनमध्ये प्रत्येकीने येऊन आपल्या चार्जरला, पॉवर बँकेला, इअरबड्सच्या डबीला आपला ठिपका लावायचा. खोली क्रमांक चौदा म्हणजे एक ठिपका आणि चार ठिपके, मध्ये जागा सोडून. मुली त्याला मॅडमचं गोंदण म्हणायच्या. हे सुरू केल्यापासून चार्जरच्या तक्रारी जवळजवळ संपल्या. उरल्या त्या खऱ्या चोऱ्या.

खरी चोरी झाली, असं वाटलं की एक संध्याकाळ दे. जेवणाच्या हॉलमध्ये उभी राहून शांतपणे सांगायचं, "जिन्याखाली झाकणाची बादली आहे. आज साडेनऊला मी ती उघडणार. कुणी ठेवलं, ते मी विचारणार नाही." तिथं कॅमेरा असेल तर रेकॉर्डिंग बघायचं नाही, म्हणजे खरंच नाही बघायचं. शब्द एकदा मोडलास की बादली कायमची रिकामी. एका वर्षी त्यात एका पायमोज्यात गुंडाळलेला फोन आला. बंद केलेला, आणि सिम काढून मागच्या बाजूला चिकटपट्टीने नीट लावलेलं. सिम हरवू नये एवढी काळजी घेणारी ती मुलगी कोण होती, हे मला आजही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही. दोनदा बादली रिकामीच राहिली, तेही सांगते. एकच संध्याकाळ, दुसरी नाही. आणि सिम बंद करणं, बँकेला कळवणं हे त्या संध्याकाळची वाट बघत थांबवायचं नाही.

आता पोलीस. इथं लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, "कशाला नसती ब्याद, होस्टेलचं नाव खराब होईल." दुसरा तोंड उघडलं की, "पोलिसांना बोलावू का?" दोन्ही करू नकोस. पोलिसांची धमकी एकदा पोकळ निघाली की मुली तुला ओळखून घेतात. आणि नाव खराब होण्याच्या भीतीने एखादीला तक्रार करण्यापासून अडवायचा अधिकार तुला नाही. वस्तू तिची, फिर्याद तिची. तू सोबत जायचंस, ती लहान असेल तर आई-वडिलांनाही बोलावून घ्यायचंस.

माझी युक्ती एवढीच. वस्तूची तक्रार आणि माणसावर बोट ही दोन वेगळी कामं आहेत. फोन, टॅब, लॅपटॉप गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोलीस ठाण्यात नोंद झालीच पाहिजे. त्या सिमवरून, त्या फोनवरून पुढे कुणी काही उद्योग केला तर मालकिणीच्या हातात कागद असतो. पण त्या तक्रारीत "माझा अमुक मुलीवर संशय आहे" हे वाक्य कानावर आलेल्या गोष्टीवरून लिहायचं नाही. बघितलं असेल तर लिही. नसेल तर 'अज्ञात'.

ठाण्यात गेलात की ठाणे अंमलदार बहुतेक वेळा 'गहाळ' म्हणून नोंद करून दाखला हातात देतील. हरवल्यासारखं असेल तर तेच योग्य. पण कुलूप तोडलेलं असेल, बॅगेतून काढलेलं असेल तर ती चोरी आहे, 'गहाळ' नाही. आदराने पण ठाम राहायचं. एफआयआर झाला तर त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. फोनचा विमा असेल तर चोरीच्या दाव्याला विमा कंपनी सहसा एफआयआरच मागते. पुण्यात आपलं ठाणं कुठलं, याच्या वादात अडकू नकोस. कुठल्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून पुढे पाठवता येतो. नोंदवूनच घेत नाहीत, असं झालं तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, पुण्यात उपायुक्तांकडे, लेखी पाठवायची.

मी निवृत्त झाल्यावर कायदेही बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान गेलं, भारतीय न्याय संहिता आली. तुझ्या काकांच्या वकील मित्राला चहाला बोलावून मी हे समजून घेतलं, कारण अर्धवट माहितीवर रेक्टरने बोलू नये. चोरीचं कलम आता ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. एवढ्या किमतीची साधी चोरी अदखलपात्र असते. तिथे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, लोक त्याला 'एनसी' म्हणतात. मात्र यात एक खोच आहे. होस्टेलची खोली ही राहती जागा. राहत्या जागेतल्या चोरीला कलम ३०५ लागू शकतं आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा "हजार रुपयांचे इअरबड्स, काय होतंय" असं कुणालाही सांगू नकोस. गंमत म्हणून नेलेली डबी कुठे जाऊन पोचेल, याचा अंदाज ना त्या मुलीला असतो ना तुला.

फोन शोधण्याचं म्हणशील तर तक्रारीची प्रत हातात आली की 'संचार साथी' पोर्टलवर जायचं. त्यातली सीईआयआर ही दूरसंचार विभागाची यंत्रणा. २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. आयएमईआय, ओळखपत्र आणि तक्रारीची प्रत दिली की तो फोन देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर बंद पडतो, आणि कुणी त्यात सिम घालून बघितलं की माहिती पोलिसांकडे जाते. ओटीपी घरच्या कुणाच्या नंबरवर मागवता येतो. फोन परत मिळाला तर तिथेच 'अनब्लॉक' करायला विसरू नकोस, नाहीतर मिळालेला फोन नुसता आरसा. आणि मुलींना हेही सांग, की 'सेकंडहँड' फोन स्वस्तात घेताना बिल मागायचं आणि त्याचा आयएमईआय १४४२२ वर केवायएम लिहून एसएमएस करून तपासायचा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणंही गुन्हाच आहे.

अकरावी-बारावीच्या मुलींचं मात्र वेगळं. एकाच बाकावर एक सतराची, एक अठराची. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर बाल न्याय कायदा, २०१५ लागतो. तिथे साध्या चोरीसाठी त्या मुलीवर सहसा एफआयआर होत नाही. पोलीस डायरीत नोंद करतात, तिच्या घरची परिस्थिती लिहितात आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांत एक बाई असतेच. त्या मुलीला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. गणवेशातल्या पोलिसाने तिला वर्गातून उचलून न्यावं, असं होता कामा नये. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचंच नाव विचार. तिचं नाव, फोटो बाहेर गेले तर नाव उघड करणारा अडकतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'चोर सापडली' म्हणून टाकणारी पहिली मुलगी कोण असेल, ते आधीच ताडून ठेव आणि तिला आत बोलावून घे.

एका बाबतीत मात्र बादली नाही, संध्याकाळ नाही, चर्चा नाही. फोनमधले खाजगी फोटो कुणी काढून घेतले, पाठवले, त्यावरून पैसे किंवा आणखी काही मागितलं, तर त्याच रात्री पोलीस. ११२ लावायला संकोच करू नकोस. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवलंस तर तूच आरोपी. संस्थेचे विश्वस्त "आपण आतल्या आत मिटवू" म्हणतील. त्यांना बसू दे म्हणत, तू फोन उचल.

बाकी पोलिसांकडे केव्हा? तिसऱ्यांदा तीच पद्धत दिसली, कुलूप किंवा खिडकी तोडली, बाहेरचा माणूस गुंतलाय, वस्तू विकली जातेय, रस्त्यावर हिसकावून नेला. केव्हा नाही, तर पहिलीच वेळ, वस्तू परत आली, मालकिणीला पुढे जायचं नाही. तिच्या कानात तू काही फुंकायचं नाहीस. वस्तू विकून टाकली असेल तर किंमत हप्त्याने परत करू दे, पण वर 'दंड' म्हणून एक पैसा घेऊ नकोस आणि घेऊ देऊ नकोस. खोली तपासायची वेळ आली तर जिची खोली तिच्यासमोर, दोन बायका साक्षीला. अंगझडती नाही. कोंडून ठेवणं नाही. रात्रभर ऑफिसात बसवून ठेवणं हा तर गुन्हाच आहे. अशा रात्रींनंतर मुलीने काही बरंवाईट करून घेतल्याच्या बातम्या आपण वाचतो. चौकशीनंतर तिला एकटी झोपू देऊ नकोस, घरच्यांना बोलावून घे.

माफीनामा लिहून घेऊ नकोस. आमच्या वेळी तो रिवाज होता. "मी चोरी केली, पुन्हा करणार नाही," खाली सही, फाइलला. त्या मुली पुढे बँकेत, पोलीस भरतीत जातात, पासपोर्टची पडताळणी येते आणि कुणीतरी ऑफिसातून ती फाइल काढून दाखवतो. वस्तू परत मिळाली, तारीख, मालकिणीची सही. एवढा कागद पुरतो.

माझं जुनं रजिस्टर कुरिअरने पाठवते आहे. आयएमईआयचे रकाने कसे आखलेत ते बघून घे, दोन सिमसाठी जागा ठेव. मध्ये दोन पानं ब्लेडने कापलेली दिसतील. त्यावर कुणाची नावं होती, ते विचारू नकोस.