श्रीक्षेत्र हरिहरेश्वर : सागर-प्रदक्षिणा आणि भरती-ओहोटीचे भान

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जेथे सागरास मिळते त्या परिसरात श्रीक्षेत्र हरिहरेश्वर वसले आहे. दक्षिण काशी म्हणून ख्याती पावलेले हे स्थान पेशव्यांचे कुलदैवत होय. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७२३ मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार केला. प्रथम श्रीकाळभैरवाचे, नंतर श्रीहरिहरेश्वराचे व पुन्हा श्रीकाळभैरवाचे दर्शन घ्यावे, अशी येथील परंपरा आहे. दर्शनानंतर अनेक भाविक डोंगरास सागर-प्रदक्षिणा घालतात. ही प्रदक्षिणा पुण्यप्रद खरी, परंतु ती समुद्राच्या अनुमतीनेच घडते.

मार्गाचे स्वरूप

मंदिरामागील पायऱ्या चढून वाट डोंगरमाथ्यावर येते आणि दोन कातळांमधील अरुंद, उभ्या घळीतून थेट सागराशी उतरते. पुढे लाटांनी झिजविलेल्या काळ्या खडकावरून गायत्री तीर्थ, विष्णुपद आदी स्थाने पाहत यात्रिक पुळणीवर पोहोचतो. खडकावरील जाळीदार नक्षी ही वारा आणि खारे पाणी यांची करणी आहे. या टप्प्यात एका हातास सरळ कडा व दुसऱ्या हातास समुद्र असल्याने पाणी चढल्यास बाजूला सरण्यास जागा उरत नाही. लाटेने ओढले जाऊन येथे यात्रिकांचे प्राण गेलेले आहेत, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

तिथी आणि समुद्र

भरती दिवसातून साधारणतः दोनदा येते व दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. किनाऱ्यावरील लोक तिचा अंदाज तिथीवरून बांधतात. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. त्या दिवशी पहाटे व दुपारी ३ च्या सुमारास भरती, तर सकाळी व रात्री ९ च्या सुमारास ओहोटी.

याच हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येस भर दुपारी भरती येते, आणि तीही उधाणाची. महाशिवरात्रीस, म्हणजे वद्य चतुर्दशीस, ती सकाळी साडेदहाच्या सुमारास येते. ज्या पर्वकाळी यात्रिकांची दाटी होते, त्याच वेळी समुद्रही चढलेला असतो. अष्टमीस ओहोटी दुपारी येते खरी, परंतु ते दिवस भांगाचे असल्याने पाणी फार मागे हटत नाही. हे गणित केवळ अंदाजाचे आहे. नेमकी वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या कोष्टकावरून पाहावी व स्थानिक कोळी बांधवांना विचारून खात्री करावी.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मे पाणी चढते. म्हणून पूर्ण ओहोटीपूर्वी सुमारे दोन तास निघावे आणि पाणी फिरण्याआधी पुळण गाठावी. पावसाळ्यात, तसेच समुद्र खवळलेला असताना, ओहोटी असली तरी खडकावर उतरू नये.

समूहाने चालताना

१. वाट व समुद्र जाणणारा स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. तो पुढे चालेल. सर्वांत मागे एक धडधाकट, शांत स्वभावाची व्यक्ती असावी. वृद्ध व मुले मध्ये असावीत.

२. घळीत उतरण्यापूर्वी व पुळणीवर पोहोचल्यावर माणसे मोजावीत.

३. संपूर्ण समूहाची गती सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीवर ठरवावी. वेळेचा हिशेबही त्यावरूनच करावा.

४. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये. कालवांच्या धारेने पाय कापतात, म्हणून न घसरणारी पादत्राणे घालावीत.

५. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. छायाचित्रासाठी खडकाच्या कडेला जाऊ नये. ओला खडक म्हणजे लाट तेथवर येते याची खूण होय.

६. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. दोर वा तरंगणारी वस्तू फेकावी व मदत बोलवावी.

परत फिरणे हाही धर्मच

वाटाड्याने 'आज नको' म्हटल्यास वाद घालू नये. दूरवरून आलेल्या भाविकास प्रदक्षिणा अपुरी राहिल्याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिवमंदिरातील प्रदक्षिणेचा नियम स्मरावा. तेथे आपण सोमसूत्र ओलांडत नाही. त्याच्यापाशी थांबतो व आलो त्या वाटेने परततो, आणि तरीही प्रदक्षिणा पूर्ण मानली जाते. सागराची चढती रेषा हेच त्या दिवसाचे सोमसूत्र समजावे. डोंगरमाथ्यावरून सागरास हात जोडावेत, श्रीकाळभैरवाचे पुन्हा दर्शन घ्यावे व समाधानाने परतावे.

दानशूर भाविकांनी हेही ध्यानी घ्यावे की, वाटेवरील सूचनाफलक, दोर, तरंगती कडी व वाटाड्याची दक्षिणा यांसाठी दिलेले द्रव्यही देवाच्याच चरणी पोहोचते. यात्रिक सुखरूप घरी परतावा, हीच खरी यात्रेची सांगता होय.

॥ श्रीहरिहरेश्वरार्पणमस्तु ॥