स्क्रू बसवलेल्या शिंगराची निगा

पुढच्या पायाचा गुडघा आत झुकलेला आणि खालचा पाय बाहेर गेलेला असेल, तर डॉक्टर गुडघ्याच्या लगेच वर, हाडाच्या आतल्या बाजूने वाढपट्टीच्या आरपार एक स्क्रू घालतात. त्या बाजूची वाढ अडते, बाहेरची चालू राहते आणि पाय सरळ होत जातो. शस्त्रक्रिया फार वेळ चालत नाही. खरी जोखीम पुढच्या आठवड्यांत असते, आणि ती बहुतेक मालकाच्या व मोतद्दाराच्या नजरेवर अवलंबून असते.

शिंगरू घरी आणण्याआधी जागा तयार ठेवा. घोडी आणि शिंगरू एकत्रच राहणार, त्यामुळे एका घोड्याची 12 बाय 12 फुटांची खोली अपुरी पडते. शहाबादी फरशी असेल तर रबरी चटया टाकून वर कोरडे गवत पसरा, पण पाय रुतेल इतके जाड नको. टाके असेपर्यंत मोकळे सोडायचे नाही. घोडीला फिरवायला नेले की शिंगरू मागे उधळते, म्हणून तिला एकटीला बाहेर काढू नका.

पट्टी साधारण 10 ते 14 दिवस राहते. दर तीन-चार दिवसांनी, आणि भिजली किंवा सरकली तर त्याच दिवशी बदला. एकाने शिंगराला धरावे: एक हात छातीपुढे, दुसरा पुठ्ठ्यामागे, आणि घोडी समोर दिसेल अशी उभी. जखमेवर निर्जंतुक घडी, त्यावर सारख्या जाडीचा कापूस, मग क्रेप आणि शेवटी चिकटपट्टी. गुडघ्याची पट्टी हमखास खाली घसरते. म्हणून आधी खालच्या पायाला पट्टी बांधून तिच्यावर ही टेकवावी. गुडघ्याच्या मागे हाडाचा उंचवटा असतो, तिथे दाब पडून कातडी सोलते. त्या जागी पट्टीला छोटा काप देऊन दाब सोडवा. पट्टीच्या वरखाली सूज आली, घाण वास आला किंवा शिंगरू पाय टेकेनासे झाले, तर उद्याची वाट पाहू नका.

रोज सकाळी आधी घोडीची कास पाहा. ती तट्ट भरून दूध गळत असेल, तर शिंगरू पीत नाही, आणि आजाराची ही बहुधा पहिली खूण असते. ताप मोजा: 37.2 ते 38.9 अंश सेल्सिअस ठीक, त्यापुढे फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा. वेदनाशामक मात्र स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. मोठ्या घोड्यासाठी आणलेल्या फेनिलब्युटाझोनच्या पुड्यांतली चिमूटभर दिली तर काय होते, अशी चर्चा तबेल्यात नेहमी चालते. होते ते पोटात अल्सर, मूत्रपिंडाला इजा. दात खाणे, लाळ गाळणे, पाठीवर लोळणे ही अल्सरची लक्षणे.

खाण्यात लाड नकोत. शिंगराचे वजन झपाट्याने वाढले की त्याच वाकड्या पायावर भार येतो. घोडीचा दाणा डॉक्टरांना विचारून ठरवा आणि तिची गव्हाण उंच बांधा, नाहीतर शिंगरू तिच्याबरोबर हरभरा चघळत बसते. गव्हाच्या कोंड्याची आपल्याकडे फार हौस. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, वाढत्या हाडांना ते सोसत नाही. थोडा लसूणघास बरा.

नालबंद दर दोन-तीन आठवड्यांनी यावा. अशा पायात खुराची बाहेरची भिंत थोडी कानसायची असते. थोडीच; एका बैठकीत वाकडेपण काढण्याचा उत्साह सांध्याला महागात पडतो.

आता मुख्य काम. दर आठवड्याला सपाट जमिनीवर, त्याच जागी फोटो काढा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि छातीसमोर नाही, तर गुडघ्याच्या अगदी समोर उभे राहा. पाय बाहेर वळलेला असेल तर तुम्हीही तितके बाजूला सरका. नाहीतर सरळ पायही वाकडा दिसतो. दोन्ही पायांत स्क्रू असतील तर दोन्हींचे फोटो वेगळे ठेवा, कारण ते एकाच वेळी सरळ होतील असे नाही. डॉक्टरांची तपासणी दर दोन आठवड्यांनी ठेवा.

पाय सरळ झाला की स्क्रू लगेच काढायचा. तो राहिला तर पाय सरळपणाची रेषा ओलांडून उलट्या बाजूला वाकू लागतो, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया. दुसऱ्या पायाचा बाकी आहे, दोन्ही एकदमच काढू, एक खेप वाचेल, हा हिशेब नको. काढल्यावर पुन्हा पट्टी, पुन्हा थोडे दिवस खोली. मग डॉक्टरांनी होकार दिला की आधी दोरीने चालवणे आणि त्यानंतर छोट्या कुंपणात फक्त आईसोबत. बाकीच्या शिंगरांच्या घोळक्यात सोडायची घाई करू नका.