ओतूरचे एक पत्र : स्त्री-अभ्यासाचा पाठ

जुन्नर तालुक्यात मांडवी नदीच्या काठी वसलेले ओतूर हे गाव वारकऱ्यांना बाबाजी चैतन्यांच्या समाधीमुळे आणि शेतकऱ्यांना कांद्याच्या बाजारामुळे सुपरिचित आहे. स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र याच गावाहून लिहिलेले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते समाविष्ट आहे. लिंगभाव आणि सामाजिक न्याय हा विषय विद्यापीठात का शिकवला जातो, याचे उत्तर या छोट्याशा पत्रात सापडते.

दुष्काळातील ओतूर

१८७६ च्या दुष्काळाने दख्खनचा मोठा भाग होरपळून निघाला होता. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मरत होती. अनेकांनी गाव सोडले होते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते जुन्नर भागात साहाय्याचे काम करीत होते आणि सावित्रीबाई त्यासाठी ओतूरला मुक्कामाला होत्या. सावकारांच्या पिळवणुकीमुळे दंगे उसळले, तेव्हा सुमारे पन्नास सत्यशोधकांची धरपकड झाली. कलेक्टरांनी सावित्रीबाईंना भेटीस बोलावले. निरपराध माणसांवर खोटे आळ का घेतले, असे त्यांनी स्पष्ट विचारले. कलेक्टरांनी कार्यकर्त्यांना सोडण्यास सांगितले आणि दुष्काळग्रस्तांसाठी चार गाड्या ज्वारी धाडली, असे हे पत्र सांगते.

दुष्काळाच्या हकीकतींत स्त्री बहुधा मदत घेणारी म्हणून दिसते. येथे ती मदतीची व्यवस्था लावणारी आणि अधिकाऱ्याशी वाटाघाट करणारी आहे. याच पत्रात आणखी एक नाव येते. आपल्या मुक्कामात कोंडाज आणि त्यांची पत्नी उमाबाई काळजी घेतात, असे सावित्रीबाई लिहितात. उमाबाईंचा उल्लेख एवढाच आहे. परंतु अभ्यासकाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. दुष्काळाच्या दिवसांत पाहुण्यांचे घर चालविणारे, पाणी भरणारे, दळण दळणारे हात कोणाचे होते आणि त्यांची नोंद कोणत्या दप्तरात झाली?

विद्यापीठातील ज्ञानशाखा

असे प्रश्न विचारणाऱ्या ज्ञानशाखेस विद्यापीठात स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्यांची मांडणी केली होती. तथापि अभ्यासक्रमात ते आले नाहीत. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीने १९७४ साली अहवाल सादर केला, तेव्हा अनेकांच्या समजुतीला धक्का बसला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ च्या जनगणनेत ही संख्या ९३० वर आली होती. त्याच १९७४ साली मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने अशी केंद्रे ठिकठिकाणी निघाली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ मध्ये स्थापन झाले. त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि २०१४ पासून विद्यापीठही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लिंगभाव म्हणजे केवळ स्त्री-पुरुष हा शारीरिक भेद नव्हे. कोणी कोणते काम करावे, कोणाच्या नावे जमीन असावी, कोणी कोठे बोलावे, हे समाज ठरवितो. त्या ठरावांचा हा अभ्यास आहे. जात आणि वर्ग यांना वगळून तो पुरा होत नाही. या केंद्राच्या प्रमुख राहिलेल्या शर्मिला रेगे यांनी हीच गोष्ट आपल्या लेखनातून आग्रहाने मांडली. कोंडाजांच्या घरातील उमाबाई आणि त्याच दुष्काळात गाव सोडून गेलेली भूमिहीन मजूर स्त्री यांचे हाल सारखे नसतात.

अभ्यासाची रीत

या विषयात सहानुभूती पुरेशी नसते, पुरावा लागतो. ओतूरचे पत्रही एकाच बाजूचे कथन आहे. ते महसुली दप्तर, दुष्काळाचे सरकारी अहवाल आणि तत्कालीन वृत्तपत्रे यांच्याशी ताडून पाहावे लागते. म्हणून इतिहास, अर्थशास्त्र, कायदा व समाजशास्त्र यांची येथे सांगड घातली जाते.

ओतूरच्या महाविद्यालयातून पुढील शिक्षणासाठी पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस अभ्यासाचे साहित्य दूर शोधावे लागणार नाही. कांद्याच्या लागणीला व काढणीला स्त्री आणि पुरुष यांना मजुरी किती मिळते? घरच्या शेतात राबणारी स्त्री शेतकरी म्हणून नोंदली जाते काय? महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतर गावातील सातबारावर मुलींची नावे किती चढली आणि किती जणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या? ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभेत त्यांपैकी बोलते कोण?

या प्रश्नांची उत्तरे तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या पटावर आणि घरोघरी मिळतील. ती नीट गोळा झाली, तरच योजना योग्य हाती पोहोचेल आणि कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात पदरी पडेल. सावित्रीबाईंनी ओतूरला जे पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून उमाबाईंचे नाव उरले. आजच्या उमाबाईंची नोंद एका ओळीपुरती राहू नये, हेच या अभ्यासाचे प्रयोजन होय.