विरह, स्मरण आणि मनाचे आरोग्य

दुःखाने व्याकूळ झालेल्या मनुष्यास ‘विसरून जा’ असे सांगण्याची लोकरीती आहे. मार्गाची रीत याहून वेगळी दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे उत्तरापंथे गमन आणि पुढे श्रीगोविंदप्रभूंचा वियोग, हे मार्गाच्या इतिहासातील सर्वांत मोठे दुःख होय. भटोबासांनी, अर्थात आचार्य नागदेवांनी, ते दुःख विसरण्याचा यत्न केला नाही. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या ठायी ते स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत राहिले. म्हाइंभटांनी त्यांना त्या लीळा विचारल्या, ऐकल्या आणि लिहून घेतल्या. ज्या प्रसंगी भटोबास समक्ष नव्हते तो प्रसंग ज्याने पाहिला त्या भक्ताकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली. तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र हा ग्रंथ असा सिद्ध झाला. दुःख सांगणारा एक होता, ऐकणारा दुसरा होता, आणि दोघांनाही करण्यासारखे काम होते. मनाच्या उपचाराची ही तीन अंगे मार्गात प्रारंभापासून आहेत.

तथापि येथे एक विवेक करणे अगत्याचे आहे, आणि तोच या पाठाचा विषय होय. स्मरणाने मनाला आधार मिळतो यात संशय नाही. परंतु ज्याचे मन रोगाने ग्रासले आहे त्याला केवळ स्मरण पुरते काय? आणि अशा मनुष्याने वैद्याचे औषध घेतले तर त्याच्या अनन्यतेस बाधा येते काय?

विरह आणि रोग

विरह आणि मनोरोग बाहेरून सारखे दिसू शकतात. दोहोंत अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, डोळ्यांना पाणी येते. परंतु विरहात दुःखाचा विषय मनुष्यास ठाऊक असतो. त्याविषयी तो बोलू शकतो, आणि स्मरणाने त्याचे चित्त स्थिर होत जाते. रोगात चित्ताचे साधनच बिघडलेले असते. न बोललेले शब्द ऐकू येणे, आप्तांविषयी अकारण भय वाटणे, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठण्याची शक्ती नसणे, मरणाचे विचार वारंवार येणे, ही लक्षणे रोगाची असू शकतात. अशा वेळी रुग्णास ‘स्मरण कमी पडते’ असे म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्यास चालण्याचा आळस करतो असे म्हणण्यासारखे आहे. त्याच्या दुःखात दोषाची भर मात्र पडते.

दृष्टान्त

देहूरोड येथील एक कुटुंब कल्पावे. मूळचे वऱ्हाडातील, उपदेशी. पिता चाकरीनिमित्त या भागात आलेला, मुलगा चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. झोपेचा नेम राहिला नाही. प्रथम तो गप्प झाला. मग सोबतचे कामगार आपल्याविरुद्ध कट करतात असे म्हणू लागला. रात्री कोणी हाक मारते म्हणून उठून दार उघडू लागला. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने पित्याने देवऋषी गाठला. पैसा गेला, गुण आला नाही. पुढे रुग्णालयात नेले तेव्हा गोळ्या सुरू झाल्या आणि काही उतार पडला. त्यानंतर आई त्याला घेऊन काही दिवस देवस्थानी जाऊन राहिली. सकाळी आरती, दुपारी अंगण झाडणे, सायंकाळी नामस्मरण, मुलगा निवळला. आईला वाटले, देवाने बरे केले, आता गोळी कशाला? गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांनी रोग पुन्हा उलटला, आणि या वेळी आईही खंगली. ती पुन्हा देवस्थानी आली तेव्हा तेथील वृद्ध तपस्विनीने मुलाला जवळ बसवून प्रसाद दिला आणि प्रथम एकच विचारले, “बाळा, गोळी घेतलीस का?” मग आईकडे वळून म्हणाली, “आणि तू जेवलीस का, बाई?”

दार्ष्टान्तिक

या दोन प्रश्नांत सारे आले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा मार्गाचा सिद्धान्त आहे. देह हा प्रपंचाचा भाग. मेंदू हा देहाचाच अवयव. प्रपंचात उत्पन्न झालेल्या विकारास प्रपंचातील औषध घेणे यात परमेश्वराशी अनन्यतेचा भंग नाही. ज्वर आला असता काढा घेणारा भक्त अनन्यतेपासून ढळला असे कोणी म्हणत नाही. मग झोप आणि भ्रम यांवरील गोळी घेणाराच का ढळावा? लीळाचरित्रात भक्तजनांच्या आजारांचे प्रसंग येतात, तेथे आजारी भक्ताची उपेक्षा झालेली नाही. अनन्यतेस बाधा येते ती देवऋषी आणि मांत्रिक यांच्या दारी गेल्याने, कारण तेथे परमेश्वर सोडून अन्य देवतांचा आश्रय घेतला जातो. घाबरलेले कुटुंब नेमके उलट करते: ज्याने अनन्यता मोडते ते प्रथम करते, आणि ज्याने मोडत नाही ते औषध लाजेने लपविते किंवा सोडून देते.

जीवाचे दुःख मात्र औषधाने संपत नाही. ‘मी कोणाला नकोसा झालो’ हे शल्य गोळीने निघत नाही. त्यासाठी संगती हवी, नित्याचा नेम हवा, नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हवे. औषध देहाला स्थिर करते, स्मरण आणि सेवा जीवाला आधार देतात. एकाच्या जागी दुसरे ठेवणे ही चूक होय.

देवस्थानांचा अनुभव

महानुभाव देवळांत मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे येऊन राहतात, ही गोष्ट अभ्यासकांच्याही दृष्टीस आली आहे. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील अशा एका देवळात राहून केलेला अभ्यास 1987 मध्ये ‘मॅन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्ण एक असला तरी पीडा साऱ्या कुटुंबाची मानली जाते, आणि घरातील स्त्रिया, विशेषतः माता, ती पीडा आपल्या अंगावर ओढून घेऊ पाहतात, असे त्यांना आढळले. तपस्विनीचा दुसरा प्रश्न याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. रुग्णाची शुश्रूषा करणारी स्त्री उपवासांनी आणि जागरणांनी स्वतः रुग्ण होऊ नये, याची चिंता देवस्थानाने वाहावी.

तमिळनाडूतील वेलायुथमपाळयमपुदूर येथील मुथुस्वामी मंदिरात येऊन राहिलेल्या 31 मनोरुग्णांचे निरीक्षण रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. रुग्ण सरासरी सहा आठवडे तेथे राहिले. सकाळची साधी प्रार्थना आणि मंदिराची हलकी कामे एवढाच त्यांचा क्रम होता. त्यांच्या लक्षणांत सुमारे वीस टक्के घट झाली. शांत, भयरहित आणि आपलेपणाची जागा रुग्णास हितकर असते, एवढे यावरून समजावे. रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता; म्हणून औषध टाकावे असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

हिंसेचा निषेध

याच तमिळनाडूत एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी आश्रयस्थानास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून गेले. मृतांची संख्या 28 झाली. अहिंसा हे ज्या मार्गाचे व्रत आहे त्याच्या अनुयायांनी हा प्रसंग विसरू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये अपराध आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे. कायदा नसता तरी मार्गाच्या आचाराने ते निषिद्धच होते.

आणखी एक गोष्ट भक्तांनी मनात धरावी. ऋद्धिपुरात श्रीप्रभूंच्या लीळा पाहून अज्ञ जन त्यांना वेडे, पिसे म्हणत. ती परमेश्वराची क्रीडा होती, तिची रोगाशी तुलना संभवत नाही. परंतु ज्याला लोकांनी वेडे म्हटले त्यालाच माता आणि पिता मानणाऱ्या परंपरेच्या मुखी कोणाही पीडित जीवास ‘वेडा’ म्हणून हिणविण्याचा शब्द शोभत नाही.

आचार

देहूरोड, चाकण, पिंपरी या पट्ट्यात गाव सोडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. गावी चावडी असते, चुलत्यांचे घर असते. येथे दाराआड दुःख वाढते. म्हणून वासनिकांनी आणि आश्रमीयांनी पुढील नेम पाळावा. रुग्ण देवस्थानी आला असता त्याचे औषध चालू आहे काय, हे प्रथम विचारावे आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून ते कोणी थांबवू नये. ज्याने वैद्य पाहिलाच नाही त्यास पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे सोबत करून न्यावे. एकट्या आईवर ते टाकू नये. शासनाची 2022 पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक आश्रमाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. मरणाची भाषा करणाऱ्यास एकटे सोडू नये आणि त्याचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. रुग्णास झेपेल अशी सेवा द्यावी: फुले वेचणे, पाणी भरणे, अंगण झाडणे. आणि त्याचे ऐकावे.

म्हाइंभटांनी भटोबासांना ‘रडू नका’ असे म्हटले नाही. काय आठवते ते विचारले आणि शेवटपर्यंत ऐकले. त्या ऐकण्यातून मार्गाला लीळाचरित्र लाभले. देहूरोडच्या एखाद्या खोलीत बसलेल्या मुलाचे कोणी तसे ऐकले, त्याची गोळी चुकू दिली नाही आणि त्याच्या आईला दोन घास खाऊ घातले, तर ग्रंथ होणार नाही. एक घर मात्र वाचेल.