अंगास लागलेले व पोटात गेलेले : शेगावच्या केसगळतीचा बोध

त्वचा, केस किंवा नखे यांस विकार जडला म्हणजे आपली पहिली शंका अंगास लागलेल्या वस्तूवर जाते. साबण, तेल, विहिरीचे पाणी, फवारणीचे औषध अथवा रानातील गवत यांपैकी कशाने तरी हे झाले असावे, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ही शंका खरी ठरते. परंतु आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जे घडले, त्यावरून पोटात गेलेल्या अन्नाचाही विचार वेळीच करणे किती अगत्याचे आहे, हे दिसून येईल.

घडलेली हकीकत

डिसेंबर २०२४ ची अखेर व जानेवारी २०२५ या सुमारास शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदि गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम डोके खाजे. पुढे केसांचे पुंजके सहज हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. १८ गावांत मिळून २७९ जणांस ही बाधा झाल्याची नोंद आहे. त्यांत शाळेत जाणाऱ्या मुलीही होत्या. कित्येकांनी लाजेने मुंडण केले, शिक्षण व विवाह यांत अडथळे आले. रोग सांसर्गिक असावा या भयाने लोक एकमेकांस टाळू लागले.

हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील असल्यामुळे संशय आधी पाण्यावर गेला. बुरशी व केस धुण्याची द्रव्ये यांचाही विचार झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने गावी येऊन रक्त, पाणी इत्यादींचे नमुने नेले. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्र तपास केला. त्यांनी तपासून घेतलेल्या, स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हात दर किलोस १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू पंजाब-हरियाणाकडील असून तोच या विकाराचे मूळ होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सेलेनियम काय करते

हे द्रव्य शरीरास हवे असते, पण अत्यल्प. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरे. ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे ते घेऊ नये, असे मानतात. आता हिशेब करून पाहा. वरील प्रमाणाच्या गव्हाचे ४०० ग्रॅम पीठ रोज खाण्यात आले, तर पोटात सुमारे ५,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. म्हणजे मर्यादेच्या चौदापटीहून अधिक.

केस व नखे गंधकयुक्त प्रथिनांची बनलेली असतात. सेलेनियम गंधकाशी सधर्मी असल्यामुळे त्याची जागा घेते आणि केसाची बांधणी दुबळी होते. चीनमधील एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात अशाच आहाराने लोकांचे केस व नखे गळाली होती. तेथील रोगग्रस्त भागात रोजचे सेवन सरासरी ४,९९० मायक्रोग्रॅम आढळले. जनावरांचीही हीच गत होते : अशा जमिनीवरील चाऱ्याने घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडतात, खुरे तडकतात. शेगावकडेही एप्रिल २०२५ मध्ये काही रुग्णांची नखे गळू लागल्याचे दिसले.

पंजाबातील नवांशहर व होशियारपूर या भागांत सेलेनियमयुक्त जमिनीचा एक मर्यादित पट्टा आहे. सबब त्या प्रांताच्या सर्वच गव्हास दोष देणे योग्य नव्हे. मात्र हे द्रव्य दाण्याच्या प्रथिनातच मुरलेले असते. धान्य धुऊन किंवा पाखडून ते जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

स्पर्शजन्य विकार कसा ओळखावा

याउलट उदाहरण गाजरगवताचे. हे तण पुण्यास १९५५ च्या सुमारास नोंदले गेले आणि त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे पुण्यातील वर्णन १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील पार्थेनिन नामक द्रव्याने चेहरा, मान, कोपराची लवण असे उघडे भाग लाल होऊन खाजतात. बिब्ब्याचा रस उतला तर जेथे लागला तेथेच फोड येतात. तात्पर्य, स्पर्शाचा विकार बहुधा स्पर्शाच्या जागी प्रकटतो व वस्तू दूर केल्यावर ओसरतो. अनेक घरांत एकदम केस गळू लागले, नखेही बिघडली, तर अन्नाची चौकशी आधी करावी.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हात व तोंड झाकून उपटावे. नंतर साबणाने अंग धुवावे.

२. गावात असा विकार दिसताच खात असलेले धान्य फेकू वा विकू नये. त्यातील किलोभर बांधून, कोठून व केव्हा आणले ते लिहून ठेवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. पुरावाच नाहीसा झाला तर शोध खुंटतो.

३. संशयित धान्य तपासणी होईतो माणसांस वा जनावरांस घालू नये.

४. एकाच धान्यावर विसंबू नये. घरची ज्वारी आहारात राहिली, तर बाहेरच्या एखाद्या धान्यातील दोषाची मात्रा आपोआप कमी होते.

५. वैद्यकीय सल्ल्यावाचून सेलेनियमयुक्त शक्तिवर्धक गोळ्या घेऊ नयेत.

६. रोग्यास वाळीत टाकू नये. सेलेनियमची बाधा एकाकडून दुसऱ्यास होत नाही, आणि त्याचे सेवन थांबल्यावर केस बहुधा पुन्हा उगवतात.