गळाच्या काठीला बुचाची मूठ

प्रश्न : घरी केलेल्या गळाच्या काठीसाठी लेथवर बुचाची मूठ करतोय. पटाशी लावली की ढलप्या निघतात. काय करावे?

उत्तर : पटाशी बाजूला ठेवा. बूच कापू नये, घासून उतरवावे. अर्धा इंच जाडीच्या भोकाच्या चकत्या पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने जोडा. मेण लावलेल्या आट्यांच्या रॉडवर त्या ओवून दोन्हीकडून वॉशर-नट आवळा आणि रात्रभर वाळू द्या. लेथ मध्यम वेगाने चालवून आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर वापरा, आकार आला की १५०, शेवटी ३२०. पेपर सतत सरकवत राहा, एका जागी दाबला तर खाच पडते. खळगे बुचाचाच भुसा गोंदात कालवून भरा. मग काठीच्या उतारानुसार गोल कानशीने भोक वाढवा. मास्क मात्र हवाच. बुचाची धूळ फुफ्फुसांना बाधते.