घराण्याचे जुने कागद कुठे शोधावेत?



आठवी-नववीच्या मुलांना घराण्याच्या पाच पिढ्या लिहून आणायला सांगितल्या होत्या. बहुतेकांची यादी आजोबांवरच थांबली. म्हणून हा पाठ.

अमेरिकेत खेड्यातला माणूसही आपल्या काउंटीच्या कचेरीत जाऊन जमिनीचे व लग्नाचे जुने दस्त पाहतो. तिथे जनगणनेची घरोघरची नोंद 72 वर्षांनी सर्वांना खुली होते. 1950 ची 2022 मध्ये झाली. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे अशी नोंद पाहायला मिळत नाही. तेव्हा आपला शोध पटवारी, कोटवार आणि शाळा यांच्या दप्तरातच करावा लागतो.

आधी नकाशा ध्यानात घ्या. 1956 पर्यंत आपला भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला. त्याआधीचे पांढुर्णा-सौंसरचे कागद छिंदवाडा जिल्ह्याच्या नावाचे. आजीचे माहेर काटोल-नरखेडचे असेल तर नागपूरला, वरुडचे असेल तर अमरावतीला विचारावे लागेल. वरुड वऱ्हाडातले. तिथे रयतवारी होती, आपल्याकडे मालगुजारी; म्हणून कागदांची रीतही निराळी.

जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत कोणते शेत कोणाच्या नावे होते ते सापडते, पण आडनाव पुष्कळदा नसते. "रामा वल्द गणू, कुणबी" एवढेच. एका गावात असे दोन-तीन रामा निघू शकतात. मग शेजारच्या शेतवाल्यांची नावे जुळवून पाहावीत. खसरा नंबरावर एकट्यावर विसंबू नये, तो नव्या बंदोबस्तात बदलतो. कोटवाराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत तर बाळाचे नावही बहुधा नसते. अमक्याला मुलगा झाला, जात आणि तारीख, बस.

शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात घोटाळा वेगळाच. हिंदीत 'ळ' नाही, म्हणून 'ढवळे' चे 'ढवले' होते. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, माझ्याही हातून असे झाले असेल. ही गोष्ट लहान वाटते, पण अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 1950 चा रहिवास विचारतात आणि आजोबा 'ढवळे', नातू 'ढवले' निघाला की फाइल अडते. एका मुलाची शिष्यवृत्तीची मुदत अशीच निघून गेलेली मी पाहिली आहे. पालकांनी रजिस्टरातील नाव आताच तपासून घ्यावे. दहावीच्या फॉर्मनंतर दुरुस्ती फार जड जाते.

स्त्रियांची नावे शोधणे सर्वांत कठीण. माझी पणजी नवऱ्यामागे वीस वर्षे शेत कसत होती. कागदात ती फक्त "बेवा" आहे, म्हणजे अमक्याची विधवा. तिचे नाव भागीरथी, हे मला आजीने सांगितले. मी विचारले त्यानंतर वर्षभरातच आजी गेली.

म्हणून दिवाळीच्या सुटीत कचेरीत जाण्याआधी आजीजवळ बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे व आजीचे नाव, लग्नाआधीचे स्वतःचे नाव विचारा. ती बोलेल तसेच लिहा आणि खाली कोणी, कोणत्या तारखेला सांगितले तेही लिहा. वही सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावी.

पालकांना विनंती, मूळ कागद मुलांच्या दप्तरात पाठवू नयेत. झेरॉक्स पुरे.